आमच्या पद्मिनीचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी लोक वह्यांची पूजा करतात. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी व्यापार केलेला नाही, पण वही आहे. लाल कापडी बांधणीची ती लांबट वही सौभाग्यवतींच्या ताब्यात असते. पाडव्याला सकाळी तिच्यावर हळदकुंकू पडते आणि संध्याकाळी तिचे जाहीर वाचन होते. श्रोता एकच, मी. दूध, किराणा, वीज, औषधे ही पाने ती भराभर वाचून टाकते. एका पानाशी आली म्हणजे मात्र चष्मा नीट बसवते, घसा साफ करते आणि माझ्याकडे एकदा पाहून घेते. त्या पानाच्या डोक्यावर तिने एवढेच लिहिले आहे : 'ती'.

ती म्हणजे आमची मोटार. प्रीमियर पद्मिनी, नोंदणी डिसेंबर 1985, रंग कागदोपत्री पांढरा आणि प्रत्यक्षात तापवलेल्या दुधावरच्या सायीचा. ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे शिवणयंत्र ठाऊक आहे, माळ्यावरचा तांब्याचा बंब ठाऊक आहे. मोटारीविषयी मी आजवर मुद्दामच लिहिले नाही. घरातल्या वादाच्या विषयावर छापून आले, की त्याला पुरावा म्हणून मान मिळतो, ही धास्ती. यंदा इलाज नाही. तिच्या नोंदणीची मुदत 2025 च्या डिसेंबरात संपते आहे आणि त्याआधी तिला ठेवायची की मोडीत घालायची, हे ठरवायला हवे. संपादकांच्या तगाद्यामुळे वहीचे वाचनही पाडव्याची वाट न पाहता गणपतीतच उरकावे लागले. ते एका परीने बरे झाले. पुण्याहून चिरंजीव आले होते आणि त्यांचे ह्या बाबतीतले मत आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट आहे.

ही मोटार माझ्या वडिलांनी घेतली. त्या वेळी मारुती 800 रस्त्यावर येऊन दोन वर्षे झाली होती. सगळे जग तिच्यासाठी पैसे भरून रांगेत उभे होते. वडिलांनी मात्र फियाटच घ्यायची म्हणून हट्ट धरला. (त्या मोटारीला फियाट म्हणणे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. सोलापुरात अजूनही कुणी सोडलेले नाही.) कारण विचारले तर म्हणाले, "ही आपल्या गावच्या माणसाची गाडी आहे." हे सोलापूरकरांनाच कळेल. वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म 1882 सालचा, सोलापूरचा. घरचा धंदा सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली ती आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेपासून. पुढे बोटी काढल्या, विमानांचा कारखाना काढला आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करून कुर्ल्याला मोटारी बनवायला घेतल्या. 1953 च्या एप्रिलमध्ये ते वारले. ज्या मोटारीला मुंबईकर प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत, ती कुर्ल्याहून 1954 पासून निघू लागली. म्हणजे ती त्यांच्या नशिबी नव्हती. मग 1964 साली डिलाइट आली, तिचेच पुढे प्रेसिडेंट झाले आणि प्रेसिडेंटची पद्मिनी झाली. नावे बदलली, इंजिन तेच राहिले : 1089 सी.सी.

ह्या आकड्याशी आमच्या वहीचे जुने वैर आहे. विम्याच्या लोकांनी मोटारींच्या जाती पाडल्या आहेत. 1000 सी.सी. पर्यंतची एक जात आणि तिथून 1500 पर्यंतची दुसरी. त्रयस्थ माणसाच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा असतो, त्याचा हप्ता 2022 च्या जूनपासून पहिल्या जातीला 2,094 रुपये आणि दुसऱ्या जातीला 3,416 रुपये असा ठरला. आमची मोटार 89 सी.सी.नी वरच्या जातीत गेली. 89 सी.सी. म्हणजे किती, हे सौ.ने एकदा औषधाच्या मापाने मोजून पाहिले. सात रस्त्यावरच्या टपरीत अर्धा चहा मिळतो, साधारण तेवढे. त्या अर्ध्या चहापायी आम्ही दर वर्षी 1,322 रुपये जास्त मोजतो आणि त्यावर अठरा टक्के कर देतो. वहीत ह्या ओळीपुढे तिने कपबशीचे चित्र काढून ठेवले आहे.

आता पान वाचतो. गेल्या गणपतीपासून ह्या गणपतीपर्यंत मोटार 3,600 किलोमीटर चालली. अक्कलकोटला दर महिन्याच्या पौर्णिमेला, तुळजापूरला चारदा, पंढरपूरला दोनदा आणि बाकी सगळे गावात. दवाखाना, बाजार, लग्ने आणि मुंजी. सरासरी लिटरला बारा किलोमीटर. पेट्रोल तीनशे लिटर, 31,400 रुपये. विमा कर धरून 4,031. धुराचा दाखला वर्षातून दोनदा, 250. नव्या जातीची ती सरकारी नंबरपाटी, जी 2019 च्या एप्रिलपूर्वीच्या सर्व वाहनांना सक्तीची झाली, ती 745 आणि कर मिळून 879. इथवरचे खर्च कुणालाही चुकत नाहीत. इथून पुढे 'ती'चे खास लाड सुरू होतात. इंजिनचे तेल दोनदा, 2,700. ग्रीस 600. प्लग, पॉइंट, कंडेन्सर 1,400. बॅटरी 4,600. ब्रेकचे लायनर आणि चाकांतली रबरे 3,900. पायाखालचा पत्रा गंजून त्यातून रस्ता दिसू लागला होता, तो कापून नवा जोडला, 6,500. पेट्रोलचा पंप, कार्ब्युरेटर आणि नळ्या 3,850. मिस्त्रीची मजुरी 5,200. एकूण पासष्ट हजार तीनशे दहा.

"किलोमीटरला अठरा रुपये चौदा पैसे," सौ. म्हणाली आणि वही मिटून चष्मा काढला.

चिरंजीवांनी खिशातून फोन काढला होताच. "बाबा, भाड्याची गाडी दारात बोलावली तर ह्याहून स्वस्त पडेल. वर एसी. वर ड्रायव्हर."

ह्यावर उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. हिशेबात तो बरोबर आहे.

पण त्या यादीतला एक आकडा जरा उलगडून सांगितला पाहिजे. कारण त्यात आमचा सगळा जिल्हा आला आहे. पेट्रोलचा पंप, कार्ब्युरेटर आणि नळ्या : 3,850. पूर्वी ह्या ओळीला वर्षाला दोनअडीचशेच्या वर कधी लागले नव्हते.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊलाच ऊन असे की डांबर हाताला चिकटावे. तुळजापूरचा घाट चढताना मोटार दोनदा ठसकली आणि निम्म्यावर थांबली. ही खोड जुनी आहे. उन्हाळ्यात पंपापाशीच पेट्रोलची वाफ होते, नळीत वाफ बसली की पेट्रोल पुढे सरकत नाही. उपायही जुनाच. बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके टाकायचे आणि पंधरा मिनिटे झाडाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. ज्या गावात नळाला चारपाच दिवसांनी पाणी येते, तिथला माणूस पिण्याच्या बाटलीतले पाणी मोटारीच्या पंपावर ओततो, ह्यावरून आमचे तिच्यावर किती प्रेम आहे ते ओळखावे. पण त्या दिवशी फडके वाळले, भाकरी संपली, तरी मोटार हलेना. शिवाय पेट्रोलचा वास येऊ लागला. अंबाबाईला जाणारी माणसे थांबून पाहत होती आणि एक आजीबाई तर आमच्या मोटारीलाच नमस्कार करून गेल्या.

टेम्पोमागे बांधून तिला परत आणली आणि मिस्त्रींपुढे उभी केली. मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणतो. वडिलांच्या वेळेपासून ह्या मोटारीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. चाचांनी पंपाची नळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. रबर असे फुगले होते, की बोटाने दाबले तर साबुदाण्याच्या खिचडीसारखे बसत होते. आतून त्याचे तुकडे सुटले होते. ते तुकडे आणि टाकीच्या तळाचा चाळीस वर्षांचा गंज असे सगळे मिळून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसले होते.

"सर, तुम्ही गाडीला ऊस पाजायलाव," चाचा म्हणाले.

ते अक्षरशः खरे होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत 2025 मध्ये देशभर वीस टक्क्यांवर आले. हे इथेनॉल म्हणजे मुख्यतः उसाचा रस आणि मळी ह्यांपासून, आणि आता धान्यापासूनही केलेला मद्यार्क. ज्या मोटारी 1985 साली बनल्या, त्यांची रबरे निव्वळ पेट्रोलच्या संगतीत राहण्यासाठी केलेली होती. मद्यार्काची संगत लागली की ती फुगतात, मऊ पडतात आणि मग चिरतात. मद्यार्क टाकीतली जुनी घाण सोडवतो, आणि हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून महिनाभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टाकीत गंज धरतो. त्यात उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच. तेव्हा वीस टक्के मिसळले म्हणजे लिटरमागे किलोमीटर कमी पडणारच. नीती आयोगाच्या 2021 सालच्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. आमच्या वहीचे उत्तर त्याच्या जवळपास येते. आधी तेरा पडत होते, आता बारा पडतात. चाचांनी सगळ्या रबरी नळ्या काढून मद्यार्काला न बधणाऱ्या जातीच्या नळ्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला, टाकी उतरवून धुतली, आणि टाकी व पंपाच्या मध्ये एक काचेची गाळणी बसवली. ती गाळणी मी दर रविवारी पाहतो. काही मंडळी ह्या वयात रक्तातली साखर तपासतात, मी पेट्रोलमधली घाण तपासतो.

गंमत पुढे आहे. माझा मेहुणा माळशिरसकडे ऊस पिकवतो. गणपतीत तोही आला होता. जेवताना मी इथेनॉलच्या नावाने बोटे मोडू लागलो, तेव्हा त्याने पानातला मोदक बाजूला ठेवला.

"दाजी, तुमची नळी किती रुपयांची?"

"नळ्या, पंप, सगळं मिळून चार हजारांच्या आत."

"आमच्या कारखान्यात नुसत्या साखरेवर बिल निघत होतं, तेव्हा दोन दोन वर्षं पैशाची वाट बघितलीय आम्ही. आता इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर येतात, म्हणून आमचं बिल येतं. तुमच्या नळीसाठी आम्ही पुन्हा दोन वर्षं थांबू का?"

सोलापूर जिल्ह्याइतके साखर कारखाने महाराष्ट्रात दुसऱ्या जिल्ह्यात नाहीत. उन्हाळ्यात ज्यांच्या नळाला पाणी नसते, त्या जिल्ह्यात उजनीच्या जोरावर एवढा ऊस का पिकतो, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण बायकोचा भाऊ, सणाचा दिवस आणि तिची नजर. मी मोदकावर तूप ओतून घेतले. शिवाय हेही खरे, की त्याच ऊसबिलातून त्याने त्याच्या मुलीचे लग्न केले आणि त्या लग्नात नवरीची पाठवणी आमच्याच पद्मिनीतून झाली. एका घरात हा खर्च आहे आणि दुसऱ्या घरात हीच जमा आहे. सौ.ची वही मात्र एकाच घराची असल्यामुळे तिच्यात ते दिसत नाही. माझी तक्रार उरते ती एवढीच, की पंपावर साध्या पेट्रोलची एक वेगळी तोटी जुन्या गाड्यांसाठी ठेवायला काय हरकत होती? पैसे जास्त घ्या. ज्याला जुने पोसायचे आहे, तो देईल.

आता नोंदणीकडे येतो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी तिला तपासणीला न्यायचे आणि मुदत वाढवून घ्यायची. 2020 साली आम्ही ह्या कामाला सहाशे रुपये फी भरली होती. 2022 च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमची मुदत संपायला चार महिने उरले असताना, वीस वर्षांवरच्या मोटारींना ती दहा हजार झाली. शिवाय महाराष्ट्रात 2010 पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, तो वेगळा. जुन्या मोटारीचा धूर जास्त, हे मला मान्य आहे. पॉइंट बिघडला म्हणजे आमची मोटार गल्लीत असा धूर सोडते, की शेजारच्या वहिनी वाळत घातलेले कपडे आत घेतात. पण वर्षाला 3,600 किलोमीटर चालणारी मोटार आणि तीस हजार चालणारी मोटार ह्यांना वयावरून एकच फी लावणे म्हणजे दोन म्हाताऱ्यांपैकी कोण किती जेवतो हे न बघता पान वाढण्यासारखे आहे.

बरे, म्हातारपणाचा मान मिळावा, तर तोही नाही. 2021 सालच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षे झालेल्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची चाळीसची. म्हणजे अजून दहा वर्षे तिने नुसते म्हातारे असायचे आणि मग पूज्य व्हायचे. आणि तशी नोंदणी करून घेतली, की तिला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर न्यायचे नाही! प्रदर्शनाला न्यावी, मिरवणुकीत न्यावी. भाजी आणायला नेता येणार नाही. ज्या मोटारीच्या मागच्या डिकीत चाळीस वर्षे ज्वारीची पोती आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरून आणलेली खेळणी आली, तिला हा मान मानवेल असे मला वाटत नाही.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, मोडीत द्या. सरकारी नोंदणीची भंगारकेंद्रं निघाली आहेत, दाखला देतात. नवीन छोटी गाडी घ्या. मी निम्मे पैसे देतो."

हे त्याने मनापासून सांगितले, म्हणून मी गप्प राहिलो. बोलली ती सौ. वर्षभर जी वही माझ्यावर चालते, ती त्या दिवशी उलटी फिरली.

"तुझी गाडी केवढ्याची रे?"

"बारा लाख."

"किती वर्षं झाली?"

"चार."

"आज विकलीस तर काय येईल?"

तो जरा घुटमळला. "सहा. साडेसहा, फार तर."

"म्हणजे सहा धर. वर्षाला दीड लाख उभ्या उभ्या गेले. फिरतोस किती? दहा हजार? मग किलोमीटरला पंधरा रुपये नुसते झिजेचे. त्यात पेट्रोल नाही, विमा नाही, कर्जाचं व्याज नाही. हे तू कुठल्या वहीत लिहितोस?"

चिरंजीव हसले, कारण ते हे कुठल्याच वहीत लिहीत नव्हते. नवीन मोटारीचा मोठा खर्च आवाज करीत नाही. तो रात्री दारात उभ्या मोटारीतून कापरासारखा उडून जातो. आमच्या मोटारीची किंमत ज्या दिवशी शून्याजवळ आली, त्या दिवसापासून तिची झीज थांबली. तिला जे लागते ते रोख लागते, डोळ्यांसमोर लागते आणि बहुतेक ते चाचांच्या किंवा सुट्या भागांच्या दुकानदाराच्या खिशात जाते. पण हा युक्तिवाद करून झाल्यावर सौ.नेच पुढे सांगितले, "तरी भाड्याची गाडी ह्या दोन्हींहून स्वस्त, हे खरंच आहे." न्यायाधीश असावा तर असा.

पैशापेक्षा मला खरी अडचण दोन ठिकाणी दिसते. एक म्हणजे रस्ता. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला. त्यावर सगळे जग शंभराच्या वर पळते आणि आमची मोटार पन्नाससाठावर खूष असते. तिचे चारही ब्रेक जुन्या ड्रमचे. जोरात दाबले तर ती थांबते, पण आधी थोडा विचार करते. पुढच्या दोन जागांना पट्टे आम्ही मागाहून बसवून घेतले, मागे नाहीत. गेल्या पावसाळ्यात मोहोळच्या पुढे एक मालमोटार आमच्यासमोर एकदम थांबली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. दोन हात अंतर उरले. मागच्या सीटवर नात झोपली होती, ती घसरून खाली गेली. तिला लागले नाही. त्या दिवसापासून नातीला मोटारीत घेऊन गावाबाहेर जायचे नाही, हे मी स्वतःच ठरवले. सौ.ने त्यावर काही बोलायची गरज पडली नाही.

दुसरी अडचण चाचांची. त्यांचे वय झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. कार्ब्युरेटरच्या छिद्रातून ते उजेड बघतात, तेव्हा आता छिद्र माझ्याकडे देतात आणि विचारतात, "दिसतंय का बघा की ओ." त्यांचा मुलगा एका मोठ्या शोरूममध्ये आहे. तो मोटारीला वायर लावून पडद्यावर रोग वाचतो. आमच्या मोटारीला वायर लावायला जागाच नाही. तिचा रोग कानाने ऐकावा लागतो. स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनला आणि दुसरे कानाला लावून चाचा सांगतात, की तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे. ते आजवर चुकलेले मी पाहिले नाही. सुटे भाग एक वेळ मिळतील. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीला वयाच्या मर्यादेने रस्त्यावरून गेल्या, त्या मोडून निघालेला माल अजून फिरतो आहे. कुर्ल्याला जन्मलेल्या मोटारींचे दरवाजे आणि गिअरपेट्या कुर्ल्याच्याच भंगारबाजारात सापडतात. चाचांच्या ओळखीने एका पार्सलात पाण्याचा पंप, दोन किंगपिन आणि मागच्या दिव्याची लाल काच अशा चार वस्तू आल्या, त्या मी धान्याच्या कोठीत ठेवल्या आहेत. पण कान कुठल्या बाजारातून आणायचे?

हे मी चाचांना बोलून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "शिकवतो की. अवघड काय हाय त्यात?"

तेव्हा असे ठरले आहे. दहा हजार भरायचे. मोटार पुण्याला जाणार नाही. अक्कलकोट आणि तुळजापूर, तेही पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत. दूरच्या प्रवासाला भाड्याची गाडी, तिचा खर्च वहीत वेगळ्या पानावर. आणि दर रविवारी सकाळी चाचा आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसणार आणि मी हात काळे करणार. ह्या वयात विद्यार्थी होणे सोपे नाही. आयुष्यभर मी वर्गात उभा राहून शिकवले. आता वाकून शिकतो आहे आणि कंबर त्याबद्दल तक्रार करते.

गेल्या रविवारी पॉइंटचा धडा झाला. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आत दोन इवलेसे धातूचे ठिपके समोरासमोर असतात, ते उघडमिट करतात आणि त्यातूनच ठिणगीचा सगळा खेळ चालतो. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेवायची. जास्त झाली तर मोटार ठसकते, कमी झाली तर ठिपके जळतात. चाचांनी पातळ पोलादी पाती दिली. माझा हात थरथरत होता. गणपतीला आलेली नात अजून इथेच होती, तिने बॅटरीचा उजेड धरला. स्क्रू आवळला की फट बदलायची, सैल केला की पुन्हा बदलायची. सहाव्या खेपेला पाती हलक्या हाताने ओढली, तेव्हा ती जराशी अडून सुटली.

"तेच," चाचा न बघताच म्हणाले. त्यांनी ते कसे ओळखले हे विचारायचे राहून गेले.

झाकण बसवले, चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागले. चाचांनी सोलापुरी चादरीच्या खोळीवर हात ठेवून मान वाकडी केली, थोडा वेळ ऐकले आणि चहा मागितला. मी हात धुवायला मोरीत गेलो. ग्रीस काही निघेना. शेवटी सौ.ने कपड्यांचा साबण दिला, मग घासणी दिली, मग दुसरा साबण फोडला. दुपारी वही उघडी दिसली, म्हणून डोकावलो. 'ती'च्या पानावर नवी ओळ होती : साबण, नग दोन.